पंधरा नावांची वंशावळ

पंढरपुरास श्रीविठ्ठलाच्या महाद्वारी आलेला वारकरी पहिल्या पायरीपाशी थबकतो. पितळी पत्र्याने मढविलेली ती पायरी तो पायाखाली घेत नाही. तीवर मस्तक टेकतो, आणि ती ओलांडून मगच आत जातो. ही नामदेवांची पायरी होय. ज्या घरातील वडीलधाऱ्या माणसाने लहान मुलाला त्या पायरीपुढे वाकवून 'हे आपले, बरे का' असे सांगितले नाही, असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. त्या दोन शब्दांत आपल्या कुळपरंपरेचा सारा अभिमान साठविलेला असतो. परंतु 'आपले' म्हणजे नेमके काय, त्या घरातून आपल्याकडे आले ते काय आणि वाटेत सांडले ते काय, याचा विचार अभिमानाच्या भरात राहून जातो. तो विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंदा सभासद कुटुंबांकडून आलेल्या वंशावळी चाळून लावण्याचे काम आमच्याकडे आले होते. कोणी जुन्या वहीतील मोडी टिपणांवरून आठ पिढ्यांची नावे उतरविली होती. कोणी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून ती शोधून आणली होती. मूळ पुरुष वर, त्याखाली पुत्र, पौत्र, प्रपौत्र, अशा शाखा मोठ्या निगुतीने काढलेल्या होत्या. हे परिश्रम खरोखरच कौतुकास पात्र आहेत. परंतु पाने उलटता उलटता एक गोष्ट मनाला खटकू लागली. एवढ्या नावांत स्त्रीचे नाव शोधूनही हाती लागेना. कोठे 'दोन कन्या' एवढाच उल्लेख. कोठे 'द्वितीय कुटुंबापासून तीन पुत्र' एवढाच.

इतरांस दोष कशाला द्यावा? आमच्या स्वतःच्या वंशावळीत पणजोबांचे नाव आहे, त्यांनी दुकान थाटल्याची नोंद आहे. पणजीचे नाव नाही. ती रात्री कंदिलाच्या उजेडात दुकानातील कपड्यांची काजे करीत असे, आणि उतारवयात दृष्टी मंदावल्यावरही दोन टाक्यांमधील अंतर बोटांनी ओळखीत असे, एवढे आम्ही आमच्या आजीकडून ऐकले आहे. नाव विचारावयाचे मात्र राहून गेले. आता ते सांगणारे कोणी उरले नाही.

हे शल्य मनात असतानाच नामदेवांची गाथा पुन्हा एकदा उघडली, आणि जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका लहानशा अभंगापाशी दृष्टी खिळली. त्यात नामदेवांच्या घरातील सर्व माणसांची नावे नात्यांसह गुंफलेली आहेत. गोणाई आणि राजाई या सासूसुना. दामाशेटी आणि नामदेव हे पितापुत्र. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या चार सुना. लिंबाई ही कन्या. आऊबाई ही भगिनी. आणि सर्वांच्या शेवटी दासी जनी. आम्ही ही नावे मोजली. एकंदर पंधरा भरली. त्यांत पुरुष सहा आणि स्त्रिया नऊ! आरंभही मूळ पुरुषापासून नाही. तो सासूसुनांच्या जोडीपासून आहे. ज्या घराण्याच्या नावावर आपला समाज आपली ओळख सांगतो, त्या घराण्याची वंशावळ परंपरेने घरातील दासीच्या मुखी घातली आहे. आणि तीत एकही स्त्री निनावी राहिलेली नाही.

आता या घराचा इतिहास थोडक्यात पाहू. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी झाला. जन्मस्थान कोणते, याविषयी दोन मते आहेत. एक मत कयाधू नदीच्या काठच्या नरसीचे. हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते, आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात आहे. दुसरे मत प्रत्यक्ष पंढरपूरचे. घराण्याचे मूळ नरसीचे आणि वास्तव्य पंढरपूरचे, याविषयी मात्र फारसा वाद नाही. रेळेकर हे त्यांचे आडनाव परंपरेने जपले आहे. तो काळ देवगिरीच्या यादवांचा होता. श्रीविठ्ठलाच्या मंदिरास दान देणाऱ्यांची नावे कोरलेला 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' १२७३ ते १२७७ या वर्षांतील आहे; म्हणजे तो कोरला जात होता तेव्हा नामदेव त्याच परिसरात वाढणारे एक बालक असावेत. पुढे १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाची देवगिरीवरील स्वारी, मग यादवांचा अस्त, आणि १३४७ मध्ये बहामनी राज्याची स्थापना, ही सर्व उलथापालथ त्यांच्या हयातीत घडली. राज्ये गेली, राजवंशांच्या प्रशस्ती शिलांवर राहिल्या. शिंप्याच्या घरची पंधरा नावे मात्र माणसांच्या तोंडी राहिली.

दामाशेटींचा धंदा कापड शिवण्याचा व विकण्याचा. नामदेवांनी गज आणि कातर हाती घ्यावी, बाजार करावा, चार पैसे घरी आणावेत, ही मातापित्यांची अपेक्षा होती. आणि ती वावगी म्हणता यावयाची नाही. परंतु मुलाचे चित्त विठ्ठलापाशी. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात बाजाराची एक कथा आहे. वडिलांनी कापड विकावयास पाठविले असता नामदेवांनी ते धोंड्यांना उधार दिले, आणि दुसऱ्या एका धोंड्यास जामीन धरून ते रित्या हाताने घरी परतले. कथेत शेवटी त्या धोंड्याचे सोने होते. आपण ही कथा कीर्तनात ऐकतो तेव्हा त्या सोन्यावर आपली नजर खिळते. परंतु ते सोने होण्यापूर्वी त्या संध्याकाळी गोणाईच्या चुलीवर काय शिजले असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

गाथेने मात्र तो केला आहे. गोणाईंची गाऱ्हाणी आणि राजाईंचे रुक्मिणीपाशी मांडलेले दुःख यांना त्या गाथेत हक्काचे स्थान आहे. घरात धान्य नाही, अंगावर धड वस्त्र नाही, मुलाबाळांचा विचार नाही, आणि तुझ्या पतीने माझ्या पतीस वेड लाविले, असे राजाई प्रत्यक्ष रखुमाईस बजावते. परिसा भागवताच्या पत्नीकडून राजाईंनी परीस आणला, आणि नामदेवांनी तो चंद्रभागेत टाकून दिला, ही कथाही आपण जाणतोच. एखाद्या दुसऱ्या घराण्याने आपल्या थोर पुरुषाविरुद्धच्या अशा तक्रारी पोथीतून गाळून टाकल्या असत्या. या घराने त्या जपल्या, लिहून ठेविल्या, आणि देवापुढे गाऊन दाखविल्या. थोर पुरुषाच्या थोरपणाची किंमत घरातील कोणी चुकती केली, याचा हिशोब या घराने दडविला नाही. आम्हांस हा या वारशाचा पहिला आणि अतिशय दुर्मिळ गुण वाटतो.

दुसरा गुण असा की, हे कार्य एकट्याचे राहिले नाही. शतकोटी अभंग रचण्याचा नामदेवांचा संकल्प प्रसिद्ध आहे. त्या संकल्पाची वाटणी घरातील माणसांत झाली, अशी परंपरा आहे. जमीनजुमल्याच्या वाटण्या प्रत्येक कुळात होतात आणि त्यांपायी भाऊ भावास दुरावतो. येथे वाटणी झाली ती कामाची, आणि तीत सुनेचा, लेकीचा व दासीचाही वाटा निघाला. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने गाथा प्रसिद्ध केली. तीत या परिवाराची रचनाही वाचावयास मिळते. कोणाच्या नावावर एखाददुसराच अभंग आहे. जनाबाईंच्या नावावर परंपरेने सुमारे साडेतीनशे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडहून लहानपणी या घरी आलेली ही मुलगी दळण, कांडण, झाडलोट करता करता महाराष्ट्राची कवयित्री झाली. ज्या घरात जात्यापाशी बसलेल्या दासीच्या शब्दांसही मोल होते, त्या घराचे मोठेपण निराळे सांगावयास नको.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. या परिवाराच्या नावावरील प्रत्येक अभंग त्या त्या व्यक्तीनेच रचला, असे अभ्यासक मानीत नाहीत. नामदेवांच्या गाथेत पुढील काळातील विष्णुदास नामा यांची रचना मिसळली असल्याची चर्चा विद्वानांनी पुष्कळ केली आहे. गोणाई-राजाईंच्या तोंडची काही पदे खुद्द नामदेवांनी किंवा पुढील भक्तांनी रचली असणेही शक्य आहे. परंतु यामुळे आमच्या मुद्द्यास बाध येत नाही. ज्याने कोणी ती रचली, त्यास या घरातील सून बोलते, लेक बोलते, दासीही बोलते, असेच दाखवावेसे वाटले. आणि शेकडो वर्षे ऐकणाऱ्या समाजाने ते मान्य केले. घराण्याची कीर्ती ती हीच.

तिसरा गुण नम्रतेचा. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून काकांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेतले आणि प्रत्येकाच्या मस्तकावर मारून पाहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. नामदेव तेवढे कच्चे ठरले. देव ज्यांच्याशी बोलतो अशी ख्याती, त्यांस भरसभेत एका कुंभाराने कच्चे ठरवावे, हा अपमान लहान नव्हता. परंतु तो गिळून ते विसोबा खेचरांकडे गेले, आणि वयाने व कीर्तीने वाढल्यानंतर शिष्य होऊन बसले. कारागिराच्या घरात जन्मलेल्यास ही गोष्ट समजावयास कठीण नाही. उसवल्यावाचून शिवण सुधारत नाही, हे आपल्या प्रत्येक दुकानात उमेदवारी करणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यातच शिकविले जात असे.

ज्ञानदेवांसमवेत केलेली तीर्थयात्रा, १२९६ मधील त्यांचा आळंदीचा समाधिसोहळा, या प्रसंगांचे नामदेवांच्या नावावरील अभंगांतील वर्णन मराठी वाङ्मयात अमर झाले आहे. चोखोबांचा प्रसंग मात्र आपल्या समाजाने विशेष स्मरणात ठेवावयास हवा. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असता भिंत कोसळून चोखामेळा गेले. परंपरेने हे वर्ष १३३८ मानतात. नामदेव स्वतः तेथे गेले, त्यांनी ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी वेचून पंढरीस आणल्या, आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्यांना जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांना नामदेवांनी आपल्या पायरीसमोरची जागा दिली. तरीही त्या देवळाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. मधल्या सहाशे वर्षांत 'पायरी आपली' म्हणणाऱ्यांनी पायरीसमोरच्या समाधीचा अर्थ किती ओळखला, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्याने त्यांचे अपुरे राहिलेले कामही आपले मानावे लागते.

उत्तरायुष्यात नामदेव उत्तरेस गेले. पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले, अशी तेथील श्रद्धा आहे. त्यांचे देहावसान तेथेच झाले, असेही तेथे मानतात. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथ साहिबात, त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात मन हा गज आणि जिव्हा ही कातर अशी कल्पना आहे, आणि रंगविणे व शिवणे हीच भक्ती मानली आहे. आपल्या बैठकीवरील साधने अशा रीतीने शिखांच्या परमपवित्र ग्रंथात जाऊन बसली! पंजाबातील कापडछपाईचा व शिवणकामाचा व्यवसाय करणारा छिंबा समाज नामदेवांस आपले मानतो. राजस्थानातील छीपा मंडळींत आणि कर्नाटकातील शिंपी समाजातही त्यांचे नाव कुळपुरुषासारखे घेतात. २०१५ च्या एप्रिल महिन्यात ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, तेव्हा या नात्याची महाराष्ट्रास नव्याने ओळख पटली. रक्ताचे नाते नसताना, भाषा एक नसताना, केवळ हातातील सुईदोऱ्याच्या आणि मुखातील नामाच्या बळावर हे आप्तपण उभे राहिले. वंशवृक्षाच्या कोणत्या शाखेवर ही नावे लिहावीत?

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, म्हणजे ३ जुलै १३५० रोजी नामदेवांनी पंढरपुरास महाद्वारी समाधी घेतली, असे आपण मानतो. त्यांची पुण्यतिथी त्याच तिथीस होते. त्यांच्यासह परिवारानेही समाधी घेतली आणि ते एकंदर चौदा जण होते, ही परंपरा. त्या वेळी नामदेवांचे वय ऐंशीच्या घरात होते. तेव्हा मातापिता हयात असणे कठीण, हे साधे गणित कोणासही करता येईल. ही श्रद्धेची गणना आहे, आणि तिचा अर्थही श्रद्धेनेच लावावा: जे घर एकत्र जगले, एकत्र गायिले, ते एकत्रच पायरीच्या रूपाने राहिले. संतांचे चरण मस्तकी लागावेत म्हणून त्यांनी ही जागा मागून घेतली, असे सांगतात. बहुतेक घराणी आपल्या पूर्वजांचे स्मारक उंचावर बांधतात. या घराने आपले स्मारक येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी मागितले.

पंधरांतून चौदा गेले. उरली ती लाडाई. थोरल्या नारायणाची ही पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेलेली होती, म्हणून ती मागे राहिली. तिच्या पोटी वंश वाढला, आणि पंढरपूरचे नामदास घराणे आपली परंपरा तेथून सांगते. म्हणजे या कुळाचा धागा तुटला नाही, तो एका सुनेमुळे. पती, सासूसासरे, दीर, जावा, सारे घर एकदम नाहीसे झाल्याची वार्ता जिने माहेरी ऐकली, आणि तरीही जिने मूल वाढविले, त्या लाडाईचे नाव आपल्या किती मुलींस ठाऊक आहे? दर वर्षी कार्तिकात पंढरपुराहून नामदेवांची पालखी ज्ञानदेवांच्या समाधिसोहळ्यासाठी आळंदीस जाते, आणि कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधीच्या वेळी नामदास घराण्यातील कीर्तनकार कीर्तन करतात. मित्राच्या वियोगाचे दुःख सात शतकांनंतरही त्याच घराच्या मुखातून उमटते. ऐकणारे सद्गदित होतात. त्या कीर्तनातील स्वर लाडाईच्या कुशीतून आला आहे, हेही ऐकणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

ही झाली रक्ताची परंपरा. शब्दाची परंपरा तीहून विस्तृत. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि राहिलेले अभंग तू पुरे कर असे त्यांनी सांगितले, असे देहूच्या तुकोबांनी स्वतः लिहून ठेविले आहे. शिंप्याच्या घरातील अपुरे काम कुणब्याच्या घरी सोपविले गेले, आणि दोन्ही घरे त्यामुळे मोठी झाली. वारकरी संप्रदायाच्या मंदिराचे रूपक बहिणाबाईंच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात नामदेवांकडे काम आले आहे ते आवार वाढविण्याचे. याहून नेमके वर्णन आम्हांस दुसरे ठाऊक नाही. आधी घरातील स्त्रिया, मग दासी, मग चोखोबा, मग पंजाब, मग तुकोबा. आवार वाढतच गेले.

आता आपल्या घरांकडे वळू. गावगाड्यातील अलुतेदारांच्या कित्येक याद्यांत शिंप्याचे नाव येते. अंगरखा, बाराबंदी, बंडी, चोळी, बाळाची कुंची आणि अंगडे-टोपडे, जन्मापासून अखेरपर्यंत गावाच्या अंगास आपल्या पूर्वजांचा हात लागलेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्र आले. त्याने हाताचा वेग वाढविला, पण बेतणाऱ्याची नजर त्यास देता आली नाही. पुढे तयार कपड्यांचा बाजार वाढला, आणि गल्लीतील दुकाने एकामागून एक मिटली. आज आपली मुले-मुली वैद्यक, अभियांत्रिकी, अध्यापन, व्यापार अशा सर्व क्षेत्रांत आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. कोणी बळेच कातर हाती घ्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. स्वतः नामदेवांनीही ती घरच्यांच्या इच्छेप्रमाणे धरली नाही. परंतु काही तरुण मंडळी आजोबांचे दुकान होते हे सांगावयास संकोचतात, हे आम्ही पाहिले आहे, आणि त्याचे आम्हांस दुःख होते. मन हा गज म्हणताना ज्याला संकोच वाटला नाही, त्याचे नाव सांगणाऱ्यांनी गजाची लाज बाळगू नये.

म्हणून आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस हात जोडून विनंती आहे. पुढील स्मरणिकेसाठी वंशावळ पाठविताना ती जनाबाईंच्या रीतीने लिहावी. सासूसुनांची नावे लिहावीत. लेकींची व बहिणींची लिहावीत, आणि त्या कोणत्या गावी, कोणत्या घरी गेल्या तेही लिहावे. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे आपल्या आज्या-पणज्यांची माहेरची नावे दुप्पट वेगाने पुसली गेली; तेव्हा दोन्ही नावे विचारून घ्यावीत. घरात राबलेली, दुकानात उमेदवारी केलेली, वेळप्रसंगी घर सावरलेली जी माणसे रक्ताची नव्हती, त्यांचीही नावे शेवटी लिहावीत. आपल्या मूळ वंशावळीत ती जागा रिकामी ठेविलेली नाही. कोण काय शिवीत असे, कोणाच्या हातची काजे नावाजली जात, कोणी कोणाला शिकविले, हे टिपून ठेवावे. आणि हे सर्व आजच करावे. घरातील वृद्ध माणूस म्हणजे उघडी वही असते. ती मिटल्यावर पुन्हा उघडत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगत आहो.

आपल्या धंद्यात एक शब्द आहे. कापड बेतताना शिवणीच्या आत थोडे कापड जास्त राखून ठेवतात. अंग भरले, मूल वाढले, तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. त्या राखलेल्या कापडास आपले वाडवडील 'माया' म्हणत. नेमके मापास मापून, माया न ठेवता बेतलेला कपडा एका वर्षात तोकडा होतो. नामदेवरायांच्या घराने आपला वारसा भरपूर माया ठेवून बेतला होता. म्हणून त्यात जनी मावली, चोखोबा मावले, पंजाब मावला, आणि सातशे वर्षांनंतर आपणही मावतो आहो. आपल्या वंशावळीच्या कागदावर आपण किती माया ठेवणार, हे आता आपल्या हाती आहे.

आमच्या वंशावळीत पणजोबांच्या नावाशेजारी आम्ही या वर्षी एक ओळ मोकळी सोडली आहे. तीवर नाव नाही. 'काजे उत्तम करी' एवढेच लिहिले आहे.